विमानतळावरचा चहा महाग म्हणून प्रवासी कमी होतात का?

तुम्ही विचारलंय, विमानतळावरच्या चहा-पार्किंगच्या दरांमुळे लोक विमानाने जाणं टाळतात का, आणि सरकार त्यावर लगाम का घालत नाही.

नाही टाळत. तिकीट काढताना चहाचा भाव बघतं कोण? सुरक्षा तपासणी उरकली की दुसरी टपरी शोधायची सोय नसते, एवढं त्या दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं.

आमची आई पहिल्यांदा विमानाने ताईकडे निघाली, तेव्हा विमान दोन तास लेट. तिचा आतून फोन आला, "अरे, एका कपाला एवढे? यात आपली पाव किलो पावडर येते!" चहा घेतलाच नाही तिने. पिशवीतला बेसनाचा लाडू मोडून मोडून खात बसली. मी तिच्या फोनपायी बाहेर रेंगाळलो आणि चार मिनिटं जास्त झाली म्हणून पार्किंगचा पुढचा टप्पा भरला. त्यावर भावजी म्हणतात कसे, "आई, असा चहा विकतात म्हणून तर तुमचं तिकीट स्वस्त!"

हे मी आज चार वर्षं ऐकतोय. २०१६ च्या विमान वाहतूक धोरणात ‘हायब्रिड टिल’ पद्धत आहे. चहा, दुकानं, पार्किंग यांच्या उत्पन्नातला ३० टक्के भागच विमानतळाचे शुल्क ठरवताना प्रवासी आणि विमान कंपन्यांकडून वसूल करायच्या रकमेतून वजा धरतात. म्हणजे शंभरातले तीस. चहाचा दर ‘एरा’ हा विमानतळ शुल्कांचा सरकारी नियामक ठरवतच नाही. तो बघतो लँडिंग, पार्किंग (विमानांचं, तुमच्या गाडीचं नव्हे) आणि तिकिटातलं यूडीएफ, म्हणजे प्रवाशाकडून घेतलं जाणारं विमानतळ वापर शुल्क.

पर्याय असला की मात्र गिऱ्हाईक हलतं. मुंबईत ऑक्टोबर २०२४ पासून मेट्रो-३ थेट विमानतळाच्या टर्मिनल-२ ला जाते. आता आईला सोडायला मी गाडी काढत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’त दहा रुपयांत चहा सुरू झाला, म्हणजे जमतं.

हां, उरलेले सत्तर म्हणजे निव्वळ नफा नव्हे, खर्च आणि सरकारी वाटा त्यातूनच जातो. शिवाय ‘एरा’कडे मुख्यतः वर्षाला ३५ लाखांहून जास्त प्रवाशांचे विमानतळ येतात. पण भावजी, त्या सत्तरातले किती आईच्या तिकिटात उतरले, तेवढं दिवाळीला आलात की सांगा.