सहा आकडी फ्रिक्वेन्सी काउंटरला सीपीएलडी पुरेल की एफपीजीए घ्यावा?

एका सेकंदात सिग्नलच्या किती पल्स येतात ते मोजणारा, १ मेगाहर्ट्झच्या आतला काउंटर ७४ सिरीजच्या (साध्या लॉजिक गेट, काउंटरच्या) आयसींचा ढीग टाळून एकाच चिपमध्ये बसवायचाय आणि मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला काय मागायचं, असं विचारलंय तुम्ही. सीपीएलडी पुरेल. (सीपीएलडी आणि एफपीजीए, दोन्ही आपल्याला हवं ते सर्किट आत घालता येणाऱ्या चिप; एफपीजीए मोठी.) फ्लिप-फ्लॉप, म्हणजे एकेक बिट धरणारे घटक, मोजा: सहा दशक काउंटरचे २४, आकडा धरून ठेवणाऱ्या रजिस्टरचे २४ आणि बोर्डावरच्या ५० मेगाहर्ट्झच्या क्लॉकमधून १ सेकंद काढायला २६. झाले ७४. डिस्प्लेचं स्कॅनिंग, डिकोडर धरूनही ईपीएम२४० या सीपीएलडीच्या २४० लॉजिक एलिमेंट्समध्ये (प्रत्येकात एक फ्लिप-फ्लॉप) हे मावतं. जीएएल१६व्ही८ ही जुनी छोटी चिप कोणी गळ्यात मारेल, पण तिच्यात आठच मॅक्रोसेल, म्हणजे जास्तीत जास्त आठ फ्लिप-फ्लॉप. बहुतेक एफपीजीएंचं कॉन्फिगरेशन (आत घातलेलं सर्किट) एसरॅम मेमरीत असतं, वीज गेली की पुसलं. या सीपीएलडीत फ्लॅश मेमरी आतच असते, त्यामुळे ते टिकतं.

सुटी चिप घेऊ नका. १०० पाय, दोन पायांत अर्धा मिलिमीटर. सोल्डर करताना पाय हमखास चिकटतात. तयार बोर्ड आणि यूएसबी ब्लास्टर (लॅपटॉपवरून चिप प्रोग्राम करायची केबल) मागा. लॅपटॉप न्या, दुकानातच क्वार्टस या चिपच्या सॉफ्टवेअरच्या प्रोग्रामरमध्ये ऑटो डिटेक्ट दाबा आणि ईपीएम२४० दिसतंय का बघा. ब्लास्टर बोर्डाला वीज देत नाही, तेव्हा अडॅप्टर सोबत हवा.

खरी गफलत गेटमध्ये, म्हणजे बरोबर १ सेकंदच मोजायला देणाऱ्या भागात होते. सिग्नल आणि १ सेकंदाची खिडकी अँड गेटने जोडून तोच काउंटरचा क्लॉक केला, की खिडकी उघडता-मिटताना अर्धवट पल्स घुसते आणि आकडा नाचतो. सगळ्या डिझाइनला ५० मेगाहर्ट्झ हा एकच क्लॉक द्या. सिग्नल ओळीने तीन फ्लिप-फ्लॉपमधून न्या; दुसरा १ आणि तिसरा ० असेल त्या क्लॉकला काउंटरचा एनेबल (एक मोज, ही परवानगी) द्या. १ मेगाहर्ट्झचा चौकोनी सिग्नल ५०० नॅनोसेकंद वर राहतो, म्हणजे २५ क्लॉक. निसटत नाही. कंपाइल करताना 'इन्फर्ड लॅच'ची (नको असलेली मेमरी तयार झाल्याची) वॉर्निंग आली तर कोडात बहुधा कुठल्यातरी इफला एल्स राहिलाय.

५ व्होल्टचा सिग्नल थेट पिनला लावू नका, ही चिप ३.३ व्होल्टची. मध्ये ३.३ व्होल्टवर चालणारा ७४एलव्हीसी१४ हा इन्व्हर्टर आयसी टाका: तो ५ व्होल्ट सोसतो, शिवाय श्मिट ट्रिगरमुळे संथ कडा दोनदा मोजली जात नाही. कॉमन कॅथोड डिस्प्लेच्या प्रत्येक आकड्याच्या कॉमनला बीसी५४७ ट्रान्झिस्टर लागेल. सातही सेगमेंट्सचा करंट एका पिनला झेपत नाही.

क्लॉक देणारा ऑसिलेटर ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५० ची चूक) असेल तर १ मेगाहर्ट्झजवळ ५० हर्ट्झपर्यंत चूक धरा. शेवटचे दोन आकडे व्हायवात (तोंडी परीक्षेत) छातीठोकपणे सांगू नका.