शाळेने सर्कलला बोलावलंय, जाऊ का?

प्रश्न:
सप्रेम नमस्कार. आम्ही कॅलिफोर्नियात, ओकलंडजवळ राहतो. मुलगा सातवीत आहे. मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत त्याच्या वर्गातल्या एका कृष्णवर्णीय मुलाने त्याला जोरात ढकललं. तो पडला, चष्मा फुटला, कोपर सोललं. आम्हाला वाटलं, त्या मुलाला निदान दोन-तीन दिवस तरी सस्पेंड करतील. पण शाळेने ‘रिस्टोरेटिव्ह सर्कल’ ठेवलंय, म्हणजे शिक्षेऐवजी दोन्ही मुलांनी आणि घरच्यांनी समोरासमोर बसून बोलायचं, आणि आम्हाला मुलासह बोलावलंय. म्हणजे मार खाल्ला आमच्या मुलाने आणि समोरासमोर बसायचंही त्यानेच! आमचा मुलगा त्या दिवशी रॅप गाण्यातला एक शब्द त्याला बोलला होता म्हणे, पण तो आजकाल सगळीच मुलं बोलतात. शिवाय त्या मुलाला शाळेतच थेरपिस्ट भेटते आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळा गटही चालतो असं कळलं. आमच्या मुलासाठी मात्र काहीच नाही. तो हल्ली सकाळी पोट दुखतं म्हणतो, डबा तसाच परत आणतो. सासूबाई सांगलीहून आल्या आहेत, त्या म्हणतात शाळाच बदला. ग्रुपवरही बहुतेकांचं तेच मत आहे. काय करावं?
– एक आई

उत्तर:
ताई, सर्कलला जा. तिघंही जा.

तुमच्या मुलाला लागलंय, तो घाबरलाय, आणि त्याचा तुम्हाला राग येणं अगदी रास्त आहे. त्याला काय झालं हे त्याने स्वतः सांगावं आणि ढकलणाऱ्याने ते ऐकावं, हेच तर या बैठकीचं एक मोठं काम आहे. तो मुलगा सस्पेंड होऊन घरी बसला असता, तर तुमच्या मुलाचं हे सांगणं कुणीच ऐकलं नसतं. चौथ्या दिवशी दोघं पुन्हा त्याच वर्गात आले असते, आणि भांडण होतं तिथेच राहिलं असतं.

पण तुमच्या पत्रातलं मला सर्वात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात. तुमचा मुलगा तो शब्द गाणं गुणगुणताना बोलला नाही, तो शब्द, इथे ज्याला ‘एन-वर्ड’ म्हणतात ती कृष्णवर्णीयांना हिणवणारी शिवी, एका कृष्णवर्णीय मुलाला उद्देशून बोलला. हा शब्द त्या मुलाच्या पूर्वजांच्या तोंडावर फेकला गेला होता, गुलाम म्हणून विकत घेणाऱ्यांकडून आणि मारून झाडाला टांगणाऱ्यांकडून. कृष्णवर्णीय गायक तो आपापसात वापरतात म्हणून तो आपल्या मुलांच्या तोंडी चालतो असं नाही. आपल्याकडे जातीवरून दिलेली शिवी ‘सगळेच देतात’ म्हणून लहान होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या मुलाला यातलं काही माहीत नसेलही. बारा वर्षांच्या पोराला ते घरात कुणी सांगितलंच नसेल तर त्याला दोष कसा देणार? पण ते आता सांगायला हवं, आणि सर्कलच्या आधी सांगायला हवं.

हेही लक्षात घ्या की ‘नियम म्हणजे नियम’ असा आग्रह धरलात तर तो दोन्ही बाजूंना लागू होतो. मारामारीसाठी कॅलिफोर्नियातली शाळा आजही सस्पेंड करू शकते, त्यांनी तो मार्ग निवडला नाही इतकंच. पण वंशावरून होणाऱ्या छळाची दखल घेणं हेही १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने शाळेवर बंधनकारक आहे. कडक कारवाईची मागणी लेखी दिलीत, तर तुमच्या मुलाच्या नावानेही कागद तयार होऊ शकतो.

आता मूळ मुद्दा: शाळा असं का वागते? आपण बहुतेक जण इथे नोकरीसाठी आलो, मुलं शाळेत घातली, आणि शाळेचा आपल्या येण्याआधीचा इतिहास आपल्याला कुणी सांगितला नाही. १९९४ मध्ये शाळांतल्या बंदुकांविरुद्ध केंद्राचा कायदा झाला. बंदुकीसाठी आणलेला तो कडकपणा पुढे उलट उत्तरं देणं, टोपी न काढणं, वर्गात उठून उभं राहणं इथपर्यंत पसरला. त्याचा मार कुणाला बसला, हे सरकारी आकडेच सांगतात. २०१७-१८ मध्ये देशातल्या सार्वजनिक शाळांत कृष्णवर्णीय मुलं सुमारे १५ टक्के होती, पण शाळेबाहेर सस्पेंड झालेल्यांमध्ये त्यांचा वाटा ३८ टक्के होता. बालवाडीतही हाच प्रकार. चार वर्षांच्या पोरांना सस्पेंड करतात हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते खरं वाटेना.

‘ती मुलं जास्त दंगा करत असतील’ असं ग्रुपवर कुणीतरी म्हणेलच. त्यांच्यासाठी स्टॅनफर्डमधला एक प्रयोग सांगते. २०१५ मध्ये जेसन ओकोनोफुआ आणि जेनिफर एबरहार्ट यांनी शिक्षकांना एका मुलाच्या दोन किरकोळ चुकांची नोंद वाचायला दिली. नोंद तीच, फक्त नाव बदललेलं: काहींना कृष्णवर्णीय वाटेल असं नाव, काहींना गोऱ्या मुलाचं वाटेल असं. पहिल्या चुकीला फारसा फरक पडला नाही. दुसऱ्या चुकीला मात्र कृष्णवर्णीय नावाच्या मुलाला जास्त कडक शिक्षा हवी, हा मुलगा मुळातच त्रासदायक आहे, असं शिक्षकांना वाटलं. हे शिक्षक दुष्ट नव्हते. आपल्यासारखेच होते. वर्षभरानंतर ओकोनोफुआ यांच्याच गटाने कॅलिफोर्नियातल्या पाच मिडल स्कूलमधल्या गणिताच्या शिक्षकांसाठी एक छोटा अभ्यास तयार केला: मूल चुकलं की आधी त्याची बाजू समजून घ्या, नातं तोडू नका. त्या शिक्षकांच्या मुलांमध्ये वर्षभरात ४.८ टक्के सस्पेंड झाली, तर हा अभ्यास न केलेल्या शिक्षकांच्या मुलांमध्ये ९.६ टक्के.

तुमच्या शेजारच्या ओकलंडमध्ये तर सर्कलचं हे काम बरीच वर्षं चालू आहे. फानिया डेव्हिस या नागरी हक्कांच्या वकील. त्या अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये वाढल्या, आणि १९६३ मध्ये तिथल्या चर्चमधल्या बॉम्बस्फोटात त्यांच्या ओळखीच्या मुली गेल्या. अशा बाईने २००५ मध्ये ओकलंडमध्ये शिक्षेऐवजी संवादावर उभी राहणारी संस्था सुरू केली. वेस्ट ओकलंडच्या एका मिडल स्कूलमध्ये पहिला प्रयोग झाला, मग तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या शाळा-जिल्ह्याने तो उचलला. २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची पोलिसाच्या हातून हत्या झाल्यानंतर, त्याच जिल्ह्याच्या बोर्डाने शाळांचं स्वतःचं पोलीस खातं बंद करण्याचा ठराव एकमताने केला. त्यामागे कृष्णवर्णीय पालकांची आणि मुलांची अनेक वर्षांची चळवळ होती. आणि हो, १९६६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारा ब्लॅक पँथर पक्ष याच ओकलंडमध्ये उभा राहिला. सहा वर्षांनी मुंबईत दलित पँथरच्या तरुणांनी तेच नाव घेतलं. तेव्हा त्या मुलाच्या गावाचं आणि आपलं काही नातंच नाही, असं मराठी माणसाला तरी म्हणता येणार नाही.

वेगळा गट आणि थेरपिस्ट यांबद्दल तुम्हाला जी रुखरुख वाटते, तीही समजून घेऊ. ओकलंडच्या शाळांनी २०१० मध्ये कृष्णवर्णीय मुलग्यांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. त्यातल्या वर्गांत कृष्णवर्णीय पुरुषच शिकवतात, इतिहास, शिस्त, भावना, पुढचं शिक्षण यांवर बोलतात. पुढे झालेल्या अभ्यासात असे वर्ग असलेल्या हायस्कूलमध्ये शाळा सोडणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण ठळकपणे कमी झालेलं दिसलं. थेरपिस्टचं म्हणाल, तर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातला आकडा वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकले नाही. ५ ते १२ वयातल्या कृष्णवर्णीय मुलांमध्ये आत्महत्येचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या सुमारे दुप्पट होतं. पाच ते बारा. या वयातलं नैराश्य अनेकदा रडण्यातून दिसत नाही, ते चिडचिडीतून, धक्काबुक्कीतून बाहेर पडतं. गोऱ्या मुलाच्या बाबतीत ‘काहीतरी बिनसलंय, कौन्सेलरकडे पाठवूया’ असं म्हटलं जातं, आणि कृष्णवर्णीय मुलाच्या बाबतीत ‘उद्धट आहे, घरी पाठवूया’. त्या मुलाला आठवड्यातून एकदा कुणीतरी नीट ऐकून घेतंय, ही तुमच्या मुलाच्या सुरक्षिततेचीही गोष्ट आहे. आणि ही माहिती तुम्हाला मुलाकडून कळली असेल, तर ती तुमच्यापाशीच राहू द्या. दुसऱ्याच्या लेकराचा उपचार हा ग्रुपवरचा विषय नाही.

सर्कल म्हणजे आपल्याकडची जातपंचायत, ही भीती मात्र मनातून काढा. तिथे कुणी निकाल देत नाही, दंड लावत नाही, वाळीत टाकत नाही. साधारण असं असतं: मध्ये टेबल नसतं, खुर्च्या गोलात असतात. दोन्ही मुलं, दोन्ही घरची माणसं, एखादा शिक्षक, आणि बैठक चालवणारी व्यक्ती. एक वस्तू हातोहात फिरते, दगड असेल, चेंडू असेल. ती ज्याच्या हातात तोच बोलतो, बाकीचे ऐकतात. नको असेल तर न बोलता पुढे देता येते. ही पद्धत उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासी समाजांकडून आली आहे. प्रश्न साधे असतात. काय झालं? तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं? कुणाकुणाला त्रास झाला? आता काय केलं म्हणजे हे सावरेल? शेवटी जे ठरेल ते लिहून घेतात, आणि काही आठवड्यांनी पुन्हा भेटून पाळलं का ते बघतात. चष्म्याच्या खर्चाचा विषय तिथे काढायला काहीच हरकत नाही.

इथे आपल्या पालकांची एक सवय आड येते. मूल तोंड उघडायच्या आत आपण ‘अ‍ॅक्च्युअली त्याला असं म्हणायचंय की…’ म्हणून सुरू होतो. किंवा कोपराने ढोसून ‘सॉरी म्हण, सॉरी म्हण’. दोन्ही करू नका. तो अडखळला तर अडखळू द्या. त्याने तो शब्द का उच्चारला हे त्याला विचारतील, तेव्हा तुम्हाला फार अवघडेल. बसून राहा. आणि समोरच्या आईचं बोलणं पूर्ण ऐका. आपलं लेकरू शाळेत गेल्यावर कुणी पोलिसाला तर बोलावणार नाही ना, या धास्तीत ती रोजचा दिवस काढत असेल. ही धास्ती तुमच्या-माझ्या वाट्याला आलेली नाही.

शाळेवर डोळे झाकून विश्वास ठेवा असंही मी म्हणणार नाही. पिट्सबर्गच्या ४४ शाळांत याच पद्धतीवर दोन वर्षं झालेल्या मोठ्या अभ्यासात सस्पेन्शनचे दिवस घटले आणि कृष्णवर्णीय व गोऱ्या मुलांमधली दरी कमी झाली, पण सहावी ते आठवीत सस्पेन्शन कमी झालीच नाहीत आणि अभ्यासातली कामगिरीही घसरली. नीट तयारी न करता नुसत्या खुर्च्या गोल मांडल्या तर हे काम होत नाही. म्हणून जाण्याआधी शाळेला ईमेल करा. बैठक कोण चालवणार, त्या व्यक्तीचं प्रशिक्षण झालंय का? दोन्ही मुलांशी आधी वेगवेगळं बोलणार ना? तुमचा मुलगा तयार नसेल तर त्याला नाही म्हणता येईल का? ही बैठक ऐच्छिकच असायला हवी. मुलाला जबरदस्तीने आणून बसवणार असतील, मग ते कुणाचंही असो, तर तुम्ही हरकत घ्या. आधीची वेगळी भेट होणार नसेल तर तारीख पुढे ढकलायला सांगा.

आता तुमचं लेकरू. सकाळचं पोटदुखणं आणि न खाल्लेला डबा या दोन गोष्टींवर तुम्ही ‘काय करावं’ विचारलंच नाही. मला त्यांची सर्वात जास्त काळजी वाटते. याच आठवड्यात शाळेच्या कौन्सेलरची वेळ मागा. आपल्याकडे कौन्सेलर म्हटलं की ‘डोक्यावर परिणाम झाला की काय’ असं होतं, आणि ‘काही नाही, खेळेल-बिळेल की होईल ठीक’ म्हणून आपण महिने काढतो. त्याला विचारताना ‘तुला काय झालंय’ असं नको, ‘शाळेत दिवसातली कोणती वेळ सर्वात वाईट जाते’ असं विचारा. मधली सुट्टी म्हणाला तर ती वेळ काही दिवस लायब्ररीत काढता येईल का, हे कौन्सेलर ठरवून देऊ शकतात.

वेळ मिळायला उशीर झाला तर राग त्या मुलावर काढू नका. एका कौन्सेलरमागे २५० मुलं असावीत असं त्यांच्या राष्ट्रीय संघटनेचं म्हणणं आहे, प्रत्यक्षात अनेक शाळांत याहून खूप जास्त असतात. २०१९ च्या एका अहवालानुसार देशातली १७ लाख मुलं अशा शाळांत होती जिथे पोलीस होता पण कौन्सेलर नव्हता. मराठी मंडळाच्या गणपतीला आपण शेकड्याने जमतो. त्यातले दहा जण जरी बजेटच्या वेळी बोर्डाच्या सभेत गेले आणि दोन मिनिटांच्या जाहीर वेळेत ‘कौन्सेलरची पदं कापू नका’ एवढं बोलले, तरी ते तुमच्या मुलाच्याही कामी येईल आणि त्याच्याही.

सासूबाईंना मराठीत सगळं सांगा, तो शब्दही कोणता आणि का वाईट हे सांगा. म्हाताऱ्या माणसांना कळणार नाही असं आपणच धरून चालतो. सांगलीत ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना कुणाला विहिरीवरून हाकलणं म्हणजे काय हे माहीत असतं. शाळा बदलण्याचा निर्णय आत्ता घेऊ नका. सर्कल होऊ दे, नंतरची भेट होऊ दे, मग मुलालाच विचारा.