सिलिंडर अडकतोय म्हणून कुणालाही कानस लावू देऊ नका

थांबा! रिव्हॉल्व्हरची फट घासायला वर्कशॉपला अजून होकार दिला नसेल तर देऊ नका, दिला असेल तर आजच्या आज फोन करून गन परत मागवा. खालचं नंतर वाचलंत तरी चालेल.

तुमची पोस्ट वाचून माझी जुनी खपली निघाली. तुमचं म्हणणं असं की ग्रीन कार्ड आल्यावर हौसेने सेकंडहँड फ्रीडम आर्म्स मॉडेल ८३ हे पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर घेतलं, ४५४ कसूल या दणकट काडतुसाचं, रेंजवर थोडे राउंड झाले की सिलिंडर (गोळ्या भरायचं फिरतं चाक) जड फिरतो, कधी कधी हॅमर (मागची हातोडी) अर्ध्यातच अडतो, आणि जवळचा दुकानदार म्हणतो की बॅरल-सिलिंडरमधली फट फार कमी आहे, थोडी मोकळी करून देतो. शब्दन् शब्द हेच मलाही एका वर्कशॉपमध्ये ऐकवलं होतं. ती फट कमीच असते हो, त्याचेच तर पैसे मोजलेत तुम्ही! वायोमिंगमधल्या फ्रीडम गावच्या या लोकांनी १९८३ पासून नाव कमावलं ते याच गोष्टीवर, चेंबर (सिलिंडरमधली गोळीची भोकं) बॅरलच्या रेषेत यावेत म्हणून सिलिंडर त्याच्या त्याच्या फ्रेमला (गनच्या सांगाड्याला) जुळवून बोअर करतात आणि फट ठेवतात ०.००२ इंचाच्या आसपास. साध्या फॅक्टरी गनमध्ये याच्या दुप्पट-तिप्पट फट असते आणि त्या मजेत चालतात, म्हणून ज्याचे हात रोज तसल्या गनवर चालतात त्याला तुमची गन "बिघडलेली" वाटते.

(मी गनस्मिथ नाही, वकील तर नाहीच नाही. अ‍ॅरिझोनात राहतो, बेन एव्हरी रेंजवर जातो, सिंगल अ‍ॅक्शनचं, म्हणजे दर बाराला हॅमर हाताने मागे ओढायच्या रिव्हॉल्व्हरचं, वेड आहे, बस्स. तुमच्या गनचं मॅन्युअल काही वेगळं सांगत असेल तर मॅन्युअल खरं.)

आता आधी हे बघा की सिलिंडर नक्की कधी अडकतो, कारण दुकानदाराने हे विचारलंच नसणार.

दोन-तीन राउंड झाले आणि एकदम ठप्प, असं असेल तर दोष गनचा नाही, गोळ्यांचा. ४५४ चा दणका एवढा असतो की मागे उरलेल्या राउंडमधली बुलेट (पुढचं टोक) हळूहळू केसमधून (पितळी नळीतून) पुढे सरकते, क्रिंप (केसची बुलेटवर दाबलेली कड) ढिला असेल तर सरळ सिलिंडरच्या तोंडाबाहेर डोकावते आणि फ्रेमला अडते. तपासायची सोपी युक्ती, पाच भरा, चार झाडा, पाचवा न झाडता बाहेर काढा आणि कॅलिपरने लांबी मोजा, भरण्याआधी मोजलेली असली पाहिजे अर्थात. लांबी वाढली असेल तर क्रिंप घट्ट करा किंवा ते फॅक्टरी अ‍ॅमो बदला. आणि असा अडकलेला सिलिंडर भरलेला असताना ठोकाठोकी अजिबात करू नका, तोंड टार्गेटकडेच ठेवा, रेंज ऑफिसरला हाक मारा, त्यात लाज कसली.

सुरुवातीला लोण्यासारखा फिरतो आणि तीस-चाळीस राउंडनंतर जड व्हायला लागतो, असं असेल (तुमच्या वर्णनावरून मला हेच वाटतंय) तर ती घाण आहे. काजळी, शिशाचा थर आणि बुलेटवरचं ल्युब सिलिंडरच्या तोंडावर आणि बेस पिनवर (सिलिंडर ज्या दांडीवर फिरतो ती) बसतं, फट आधीच केसाएवढी, मग घासणारच. गन रिकामी करून बेस पिन काढा, पिन आणि सिलिंडरचं भोक सॉल्व्हंटने पुसा, तेलाचा एक थेंब, जास्त नको, सिलिंडरचं तोंड आणि बॅरलचं मागचं टोक नायलॉन ब्रशने घासा, की पुन्हा फिरायला लागेल. मी मधेच एकदा पिन काढून पुसतो, शेजारच्या लेनवाल्याची भुवई वर जाते, जाऊ दे.

एकाच चेंबरला दरवेळी अडतंय? मग त्या चेंबरमध्ये रिमखाली (केसच्या बुडाच्या कडेखाली) कचरा आहे का बघा. कधी या चेंबरला, कधी त्या, असं असेल तर रीलोड करताना (रिकामं केस पुन्हा भरताना) प्रायमर (बुडाची ठिणगी टोपी) पूर्ण आत बसलेला नाही.

आणि स्वस्तात सराव म्हणून त्याच सिलिंडरमध्ये ४५ कोल्ट (त्याच जाडीचं, कमी ताकदीचं जुनं काडतूस) झाडत असाल तर त्याचं केस साधारण एक दशांश इंच आखूड असल्यामुळे चेंबरमध्ये कार्बनची कडा तयार होते, मग ४५४ चे केस धड बसत नाहीत आणि निघताना चिकटतात. ४५ नंतर चेंबर नीट घासल्याशिवाय ४५४ भरू नका. उलटं, म्हणजे ४५४ च्या ताकदीचा लोड ४५ कोल्टच्या केसमध्ये भरून कोल्ट कंपनीच्या कुठल्यातरी जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये झाडायचा विचारही नको, ४५४ चं कमाल स्टँडर्ड प्रेशर ६५,००० पीएसआय आणि ४५ कोल्टचं १४,०००, काय होईल ते सांगायला नको.

आता माझी रामकहाणी, नाव लिहिणार नाही, विचारू पण नका. गन दुरुस्तीला देताना मी पावतीवर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, फक्त तपासा, काही कापायचं-घासायचं असेल तर आधी फोन करा. फोन आलाच नाही. गन हातात घेऊन ट्यूबलाइटकडे धरली तर फट नुसत्या डोळ्यांना दिसत होती! घरी येऊन फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातला, ०.००८ इंचाची पट्टी डाव्या बाजूने सहज सरकली आणि उजव्या बाजूला अडली, म्हणजे घासलंय ते पण तिरकं. बॅरलच्या मागच्या तोंडावर कानशीचे ताजे चकचकीत ओरखडे. रेंजवर नेली तर तोच लोड, तोच क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) आणि वेग चांगलाच उतरलेला, बाजूला शिशाचे कण उडतात, शेजारचा माणूस सामान उचलून दोन लेन पलीकडे गेला, त्याचं काय चुकलं.

तक्रार केली तर काउंटरवरचा म्हणतो, "पण आता फिरतोय ना मस्त?" मॅनेजरला ईमेल केला तर तो म्हणे स्मिथशी बोला, स्मिथला विचारलं तर तो नोकरी सोडून गेलाय, आणि पावती? ती फाइलमध्ये सापडत नाही. माझ्याकडच्या कॉपीचा फोटो दाखवला तेव्हा मोठ्या उपकाराने मजुरी तेवढी परत दिली. मजुरी!! लोखंड कोण परत देणार? घासलेली धातू काही परत चिकटवता येत नाही. बॅरल एक पूर्ण आटा मागे घ्यायचा (पूर्णच, नाहीतर पुढची साइट वाकडी येते), मागचं टोक आणि फोर्सिंग कोन (गोळी बॅरलमध्ये शिरते तो उतार) नव्याने कापायचं, इजेक्टरचं (रिकामे केस ढकलणाऱ्या दांडीचं) घर पण बॅरलवरच असल्यामुळे त्याचंही जमवायचं. शेवटी कारखान्यातून नवा बॅरल बसवून घेतला, त्या पैशात नवंकोरं रुगर ब्लॅकहॉक आलं असतं.

त्यामुळे माझं मत एकांगी आहे हे मान्य, पण ठाम आहे: या गनला हात लावायचा तो कारखान्याने, किंवा फक्त सिंगल अ‍ॅक्शनवरच आयुष्य घालवलेल्या माणसाने. पाठवण्याआधी फोन करून किती दिवस लागतील ते विचारा. दुरुस्तीसाठी उत्पादकाकडे थेट पाठवणं फेडरल कायद्यात बसतं, पण मोठे कुरियरवाले हल्ली बिनलायसनच्या माणसाकडून हँडगन घेत नाहीत, म्हणून लायसनवाल्या दुकानामार्फत पाठवावी लागेल. त्या दुकानाला पण लिहून द्या की तुमचं काम फक्त खोक्याला टेप लावायचं.

तुमच्या पोस्टखाली एकाने विचारलंय की एच-वन-बीवर गन घेता येते का. नॉन-इमिग्रंट व्हिसावर सर्वसाधारणपणे बंदी आहे, वैध हंटिंग लायसन वगैरे अपवाद आहेत, आणि बंदी नुसती विकत घेण्यावर नाही, हातात बाळगण्यावर पण आहे, म्हणजे रेंजवर भाड्याने घेणं सुद्धा त्यात आलं. मित्राच्या "चल रे, काही होत नाही"वर जाऊ नका, इमिग्रेशनचं शेपूट लांब असतं. वकिलाला विचारा.

तुम्हाला पुढेमागे कलेक्शन वाढवायचंय म्हणून दोन गोष्टी. जाहिरातीत "ट्यून्ड", "अ‍ॅक्शन जॉब" (आतले भाग घासून गुळगुळीत केलेले) असे शब्द दिसले की कुणी केलं, पावती कुठे, हे विचारा, उत्तर नसेल तर पुढे चला. सुटा ४५ कोल्टचा सिलिंडर ऑनलाइन स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका, दुसऱ्या फ्रेमसाठी बोअर केलेला सिलिंडर तुमच्या गनमध्ये काय कामाचा. आणि शिसं काढायचं ते जादूचं पिवळं फडकं स्टेनलेसवर ठीक आहे, पण कोल्टच्या निळ्या पॉलिशवर किंवा केस-हार्डनिंगच्या (फ्रेम तापवून कडक केल्यावर उमटणाऱ्या) रंगांवर फिरवलंत तर रंग पण पुसले जातात. १९५६ नंतरच्या दुसऱ्या पिढीच्या एका सुंदर सिंगल अ‍ॅक्शन आर्मीची (कोल्टचं प्रसिद्ध काउबॉय रिव्हॉल्व्हर) फ्रेम अशी पांढरीफटक झालेली मी गन शोमध्ये पाहिलीय, विकणारा तिला "चमकवलेली" म्हणत होता.

आणि हो, मॉडेल ८३ मध्ये त्याच कंपनीच्या मॉडेल ९७ सारखा ट्रान्सफर बार (ट्रिगर ओढल्याशिवाय हॅमरचा ठोका काडतुसापर्यंत पोचू न देणारी पट्टी) नाही, भरलेली गन बाळगताना हॅमर रिकाम्या चेंबरवरच ठेवायचा. तुम्हाला माहीतच असेल.

एक करा, बेस पिन पुसून पुन्हा एकदा रेंजवर जा, मग कुठली बुलेट, किती ग्रेनची (बुलेटच्या वजनाचं माप), शिशाची की जॅकेटवाली आणि कितव्या राउंडला जड झाला ते इथे लिहा. फीलर गेज असेल तर गन रिकामी असल्याची दोनदा खात्री करून फट दोन्ही बाजूंनी मोजा, आणि बाजूने उजेड टाकून एक फोटो टाका. आधीच्या मालकाने काही उद्योग करून ठेवलेत का ते कळेल.