वाचकांचे प्रश्न : पावणेदहाची हजेरी आणि घरची सकाळ

गेल्या काही महिन्यांत सोलापूर शहरातून आणि तालुक्यांतून आलेल्या पत्रांत एक तक्रार पुनःपुन्हा दिसते : कार्यालयाची वेळ आणि घरची कामे यांचा मेळ बसत नाही. करोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, राज्य शासनाच्या कार्यालयांतील उपस्थिती पाच टक्क्यांपर्यंत खाली आणली गेली होती आणि एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ती पंधरा टक्क्यांवर ठेवण्यात आली होती. केंद्र शासनाने ७ फेब्रुवारी २०२२ पासून सर्व कर्मचाऱ्यांना पूर्ण उपस्थिती सक्तीची केली आणि राज्यातील कार्यालयेही पूर्वपदावर आली. साथ ओसरली आणि कार्यालये भरली, परंतु मधल्या काळात नोकरीचे माणूस घरी असण्याची घरांना जी सवय लागली होती ती काही मोडली नाही. त्यांपैकी तीन पत्रे येथे घेत आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : मी एका जिल्हास्तरीय शासकीय कार्यालयात वरिष्ठ सहायक आहे. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. पती बार्शीला खासगी नोकरीत असून सकाळी साडेसातच्या एसटीने जातात. मुलगी दुसरीत आहे आणि सासूबाईंना गुडघ्यांमुळे फार वेळ उभे राहता येत नाही. करोनाच्या काळात आम्ही आळीपाळीने कार्यालयात जात होतो, बाकीचे काम मी घरून करत होते आणि काम कुठे अडले नव्हते. आता ९.४५ ला यंत्रावर चेहरा दाखवावा लागतो आणि आमच्याकडे तीन उशिरांमागे एक किरकोळ रजा वजा होते. नळाला पाणी येते त्या दिवशी उशीर ठरलेलाच. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्येच माझ्या किरकोळ रजा संपल्या आणि डिसेंबरात मुलीला ताप आला तेव्हा हाताशी एकही रजा नव्हती. नोकरी सोडावी असे वाटू लागले आहे. काय करावे?

उत्तर : भगिनी, नोकरी सोडण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. जी अडचण रोजच्या पाऊण तासाची आहे, तिच्यासाठी वीस-पंचवीस वर्षांची सेवा आणि त्यापुढचे निवृत्तिवेतन पणाला लावू नये.

पाऊण तास हा शब्द मी मोजून वापरला आहे. राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू केला. शनिवारची सुट्टी मिळाली, पण तिच्या बदल्यात रोजची वेळ ४५ मिनिटांनी वाढली. सोलापूरसारख्या मुंबईबाहेरच्या ठिकाणी १० ते ५.४५ असलेली वेळ ९.४५ ते ६.१५ झाली, म्हणजे सकाळची पंधरा मिनिटे आणि संध्याकाळचा अर्धा तास गेला. या बदलाला महिनाही झाला नाही तोच टाळेबंदी आली. त्यामुळे नवी वेळ कोणाच्याच अंगवळणी पडली नाही आणि कार्यालये पुन्हा भरली तेव्हा पूर्ण उपस्थिती व वाढलेला दिवस हे दोन्ही भार एकदम अंगावर आले. आपल्यासारख्या अनेकींना आपणच कमी पडतो आहोत असे वाटते, त्याचे एक मोठे कारण मला हे दिसते. घर अजून दहाच्या घड्याळावर चालते आहे आणि हजेरी पावणेदहाची आहे.

घरून केलेले काम अडले नाही, हे आपले म्हणणे टिपणीच्या आणि पत्रव्यवहाराच्या कामापुरते मला मान्य आहे. परंतु करमाळ्याहून किंवा अक्कलकोटच्या एखाद्या खेड्यातून दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस खिडकीपाशी उभा असतो, तेव्हा खुर्चीत कोणीतरी असावेच लागते. त्याला दुसरा फेरा पडला तर त्याची आणखी एक मजुरी बुडते. म्हणून उपस्थितीचा नियम अन्यायाचा आहे असे मी म्हणणार नाही. त्या नियमाचे ओझे घरातल्या एकाच माणसाने वाहावे, हे मात्र मला अन्यायाचे वाटते, आणि आपल्या पत्रात तेच दिसते.

जो वेळ रोज गेला, तो शनिवारच्या रूपाने परत मिळालेला आहे. हा शनिवार आपल्या घरात कोणाच्या वाट्याला येतो, हे एकदा पाहावे. पाहुणे, लग्ने आणि बाजार यांतच तो संपत असेल तर सोमवारची सकाळ हलकी होणार नाही. दळण, भाज्या निवडणे, आठवड्याच्या गणवेशांची इस्त्री, मुलीच्या वह्यापुस्तकांची लावालाव ही कामे शनिवारी सकाळी, तीही पतींनी आणि आपण मिळून, संपवावीत. स्वयंपाकाचेही तसेच आहे. ज्या गावात कडक भाकरी आठवडाभर टिकते आणि शेंगाचटणीचा डबा प्रत्येक घरात असतो, त्या गावात रोज सकाळी दोन भाज्या आणि गरम पोळ्या झाल्याच पाहिजेत, असा नियम कोणी केला? आपल्या शहरात भाकऱ्या करून देणाऱ्या कितीतरी बायका आहेत. त्यांच्याकडून आठवड्याच्या भाकऱ्या घेण्यात कमीपणा मानू नये. त्यांचे घर त्यावर चालते आणि आपली सकाळ मोकळी होते.

पाण्याचा प्रश्न सोलापूरकरांना वेगळा सांगायला नको. नळ काही दिवसांच्या अंतराने येतो, वेळेचा भरवसा नसतो आणि पाणी भरून ठेवले नाही तर पुढचे दिवस कठीण जातात. म्हणूनच हे काम एकट्या आपल्याकडे असणे मला पटत नाही. पाण्याचा दिवस साधारण ठाऊक असतो. त्या दिवशी पतींनी पुढची एसटी धरावी किंवा आदल्या संध्याकाळी पिंपे व बादल्या रिकाम्या करून नळी लावून ठेवावी, म्हणजे सासूबाईंना बसल्या जागेवरून लक्ष ठेवून वेळेवर नळ बंद करायला कोणाला तरी सांगता येईल. पतींनाही नोकरीची वेळ आहे हे खरे, पण महिन्यातून दोन-तीनदा त्यांनी वरिष्ठांकडे सवलत मागितली, तर आपल्याला दर वेळी मागावी लागणार नाही.

आता रजांविषयी. मी आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवा व रजा यांचे काम पाहणाऱ्या शाखेत, सत्तावीस वर्षे काम केले आणि या काळात माणसे ज्या एका गोष्टीत सर्वाधिक नुकसान करून घेताना पाहिली, ती म्हणजे चुकीच्या कारणासाठी चुकीची रजा खर्च करणे. किरकोळ रजा वर्षाला आठ असतात आणि ३१ डिसेंबरनंतर त्या उरत नाहीत. उशिरात त्या गमावणे म्हणजे आजारपणासाठी ठेवलेले पैसे रिक्षात घालवण्यासारखे आहे. अर्जित रजा १ जानेवारी आणि १ जुलैला पंधरा-पंधरा दिवस खात्यावर जमा होते आणि ३०० दिवसांपर्यंत साठते. डिसेंबरात मुलगी आजारी असताना आपल्याकडे एकही रजा नव्हती असे आपण लिहिले आहे, परंतु आपली अर्जित रजा नक्कीच शिल्लक असणार. निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे मिळतात म्हणून तिला हातच लावायचा नाही, ही समजूत मुलीच्या तापापुढे बाजूला ठेवावी.

याखेरीज २३ जुलै २०१८ च्या शासन निर्णयाने राज्यातील महिला कर्मचाऱ्यांना बाल संगोपन रजा मिळते. संपूर्ण सेवेत १८० दिवस, वर्षाला जास्तीत जास्त दोन महिने, पहिल्या दोन हयात अपत्यांसाठी आणि मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत ती टप्प्याटप्प्याने घेता येते. ज्याची पत्नी हयात नाही किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली आहे, अशा पुरुष कर्मचाऱ्यालाही ती मिळू शकते. ही रजा हक्क म्हणून मागता येत नाही, ती मंजूर करून घ्यावी लागते. म्हणून मुलीची शस्त्रक्रिया, लांबलेले आजारपण किंवा परीक्षा अशा प्रसंगी कारण स्पष्ट लिहून, शक्य असेल तेव्हा पुरेसे आधी अर्ज करावा.

कारण स्पष्ट लिहावे, यावर माझा फार भर आहे. माझा मुलगा चार वर्षांचा असताना गोवराने फणफणला होता. मी मात्र रजेच्या अर्जात 'माझे पोट दुखत असल्याने' असे लिहिले, कारण मुलाचे कारण दिले की बाईमाणसाला घरचेच पडलेले असते, असे साहेब म्हणतील याची मला धास्ती होती. चौथ्या दिवशी कामावर गेले तेव्हा माझ्या पोटाची चौकशी झाली आणि मला आणखी एक खोटे बोलावे लागले. पुढे त्याच शाखेत दुसऱ्यांचे अर्ज माझ्या टेबलावर येऊ लागले, तेव्हा खरे कारण लिहिलेला अर्ज मंजुरीसाठी पुढे पाठवणे किती सोपे असते हे मला कळले. आपण खरे लिहीत चला.

प्रश्न : मी मंगळवेढा तालुक्यातील एका गावात ग्रामपंचायत अधिकारी आहे. मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहण्याची सक्ती वाढली आहे आणि घरभाडे भत्त्यासाठी ग्रामसभेचा ठराव मागतात. पत्नी सोलापुरात खासगी शाळेत शिक्षिका आहे, मोठा मुलगा नववीत आणि मुलगी पाचवीत आहे. मी रोज पन्नासेक किलोमीटर ये-जा करतो. ओळखीचे सरपंच दाखला द्यायला तयार आहेत. घ्यावा का?

उत्तर : घेऊ नये. खोट्या दाखल्यावर घेतलेला भत्ता पुढे वसूल होऊ शकतो आणि त्याहून वाईट म्हणजे ज्यांनी तो दाखला दिला, त्यांच्या प्रत्येक बिलावर सही करताना आपला हात थरथरतो. ग्रामपंचायतीच्या दप्तराची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याने असे ओझे गळ्यात घेऊ नये.

मुलगा नववीत आहे, म्हणजे दहावीच्या वर्षात त्याची शाळा बदलणे योग्य नाही. म्हणून कुटुंब सोलापुरातच ठेवून आपण गावात एक खोली घ्यावी आणि सोमवार ते शुक्रवार खरोखर तेथे राहावे, असे मी सुचवीन. दहावीनंतर मंगळवेढ्यात बिऱ्हाड करायचे की आपण सोलापूरच्या जवळच्या तालुक्यासाठी बदलीचा अर्ज करायचा, हे तेव्हा ठरवावे. पत्नीची नोकरी खासगी असल्याने पती-पत्नी एकत्रीकरणाच्या, म्हणजे दोघांना जवळच्या ठिकाणी नेमण्याच्या, आधारावर फार विसंबू नये.

आठवड्याचे चार-पाच दिवस वडील घरात नसतात तेव्हा नववीतल्या मुलाच्या मनात काय चालते, याची काळजी आपल्या पत्रात कोठेच दिसली नाही, म्हणून विचारते. रोज रात्री ठरलेल्या वेळी त्याच्याशी फोनवर बोलावे आणि ते बोलणे केवळ गुणांचे नसावे. घर चालवणाऱ्या पत्नीला महिन्याचा खर्च आधी हातात द्यावा, दर वेळी मागायला लावू नये. आणि एक आपल्या जिल्ह्यापुरते : जूनच्या मध्याला शाळा उघडतात आणि त्याच सुमारास आषाढी वारीची जुळवाजुळव सुरू होते. पंढरपूरच्या वारीत बंदोबस्ताला, पाण्याला आणि स्वच्छतेला जिल्हाभरातून माणसे लावली जातात आणि त्या दिवसांत रजेची आशा धरता येत नाही. म्हणून प्रवेश, पुस्तके, गणवेश ही कामे मे महिन्यातच उरकून घ्यावीत.

प्रश्न : मी संगणक क्षेत्रातील एका कंपनीचे काम होटगी रस्त्यावरील घरातून करतो. पत्नी शासकीय कार्यालयात आहे आणि संध्याकाळी सात वाजता घरी पोहोचते. मुलांकडे दुर्लक्ष होते, असे माझी आई रोज म्हणते. पत्नीने सोयीच्या शाखेत बदली मागावी का?

उत्तर : आपण दिवसभर घरात असता, तरी दुर्लक्ष पत्नीकडून होते, असे आईंना का वाटते, याचा आपण शांतपणे विचार करावा. शाखा बदलली तरी ६.१५ ची वेळ बदलणार नाही. चार वाजता मुले शाळेतून येतात तेव्हा खाणे देणे, गृहपाठ घेऊन बसणे आणि संध्याकाळचा कुकर लावणे ही कामे आपली आहेत, हे आईंना आपण स्वतः, पत्नी घरी नसताना सांगावे. कंपनीच्या बैठका साडेचार ते साडेपाच या वेळेत येणार नाहीत, असे वरिष्ठांशी बोलून ठरवता येते का, ते याच आठवड्यात पाहावे. पत्नी सात वाजता आली की तिला पहिली पंधरा मिनिटे हातपाय धुऊन चहा घेण्यासाठी मोकळी सोडावीत आणि मुलांनाही तसे सांगून ठेवावे.