वाचकांचे प्रश्न : गॅलिपोलीचा सिम्पसन आणि त्याचे गाढव

प्रश्न : कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियाच्या युद्धस्मारकातील एका पुतळ्याचे छायाचित्र पाहण्यात आले. त्यात एक निःशस्त्र शिपाई गाढवावर बसवलेल्या जखमी सैनिकाला सावरत चालला आहे. स्ट्रेचर वाहणारा साधा शिपाई एखाद्या देशाचा राष्ट्रीय वीर कसा झाला?

उत्तर : हा पुतळा जॉन सिम्पसन कर्कपॅट्रिक याचा आहे. ऑस्ट्रेलियात त्याला सगळे सिम्पसन म्हणूनच ओळखतात. तो मूळचा ऑस्ट्रेलियन नव्हता. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील साउथ शील्ड्स या बंदराच्या गावी 6 जुलै 1892 रोजी त्याचा जन्म झाला. लहानपणी तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर मुलांना फेरी मारून आणणाऱ्या गाढवांपाशी तो सुट्टीच्या दिवसांत काम करत असे. वडील वारल्यावर तो व्यापारी जहाजावर नोकरीला लागला आणि 1910 मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल बंदरात जहाज सोडून पसार झाला. पुढची चार वर्षे त्याने ऊसतोड केली, कोळशाच्या खाणीत राबला, किनाऱ्याने फिरणाऱ्या जहाजांच्या भट्ट्यांत कोळसा घातला आणि मिळकतीतला वाटा आईला न चुकता पाठवला. ऑगस्ट 1914 मध्ये पर्थ येथे तो सैन्यात भरती झाला, तेव्हा त्याने आपले आडनाव गाळून फक्त ‘जॉन सिम्पसन’ एवढेच नाव लावले. जहाजावरून पळाल्याचे उघडकीस येऊ नये, हे त्यामागचे कारण असावे असे मानले जाते. सैन्याची रवानगी इंग्लंडला होईल आणि आपल्याला आईला भेटता येईल अशी त्याची आशा होती. प्रत्यक्षात ते जहाज इजिप्तला गेले आणि तिथून तुर्कस्तानातील गॅलिपोली द्वीपकल्पाला.

पहिले महायुद्ध चालू असताना, 25 एप्रिल 1915 रोजी पहाटे, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैन्य (त्यालाच ‘ॲन्झॅक’ म्हणत) त्या द्वीपकल्पावर उतरले. सिम्पसन तिसऱ्या फील्ड ॲम्ब्युलन्सचा, म्हणजे आघाडीवरील वैद्यकीय तुकडीचा, स्ट्रेचरवाहक होता. ती भूमी कशी होती हे लक्षात घेतल्याशिवाय त्याचे काम समजत नाही. चिंचोळा किनारा, त्यामागे लगेच उभे कडे, आणि आघाडीच्या खंदकांपर्यंत वर जाणारी एकच मुख्य वाट : खाली श्रॅपनेल गली नावाची घळ आणि पुढे तिचाच वरचा भाग, म्हणजे मोनॅश व्हॅली. या घळीच्या माथ्यावरची काही टोके तुर्की सैन्याच्या हाती होती, त्यामुळे तिथल्या नेमबाजांना खालची वाट उघडी दिसत असे. वाळूच्या पोत्यांचे आडोसे उभारून माणसे एका आडोशाकडून दुसऱ्याकडे धावत जात. ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या डिव्हिजनचे सेनापती मेजर जनरल विल्यम ब्रिजेस यांनासुद्धा 15 मे रोजी याच घळीत गोळी लागली आणि तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले. सेनापतीची जिथे ही गत, तिथे दिवसभर ये-जा करणाऱ्या शिपायाच्या वाट्याला काय येत असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

अशा खडबडीत वाटेवर एक स्ट्रेचर खाली आणायचे तर निदान दोन, बरेचदा त्याहून अधिक माणसे लागत आणि त्यांचे हात तासन्‌तास अडकून पडत. उतरल्यानंतरच्या पहिल्याच दिवसांत सिम्पसनने एक गाढव गाठले. पायाला जखम झालेला, पण बसू शकणारा माणूस गाढवाच्या पाठीवर बसवला की एकच वाहक त्याला खाली नेऊ शकत असे. वर जाताना तो गाढवावर पाणी लादून नेई, येताना जखमी घेऊन येई. माझ्या मते त्याचे खरे कौतुक इथे आहे. कोणाचा हुकूम नसताना, उपलब्ध असलेल्या एका दुर्लक्षित जनावराचा नेमका उपयोग त्याने ओळखला, आणि लहानपणी शिकलेली कला त्याच्या कामी आली.

आपल्या वाचकांना जवळचा वाटेल असा एक तपशीलही सांगायला हवा. सिम्पसन आपल्या तुकडीपासून वेगळा राहून भारतीय पहाडी तोफखान्याच्या, म्हणजे एकविसाव्या कोहाट बॅटरीच्या तळावर मुक्काम करत असे. तिथे खेचरांसाठी वैरण होती आणि जनावरांची देखभाल जाणणारी माणसे होती. त्या भारतीय जवानांनी त्याला ‘बहादूर’ म्हणायला सुरुवात केली, असे सांगितले जाते. गॅलिपोलीच्या कथेत या जवानांची आणि खेचरे हाकणाऱ्यांची नावे क्वचितच येतात, याची खंत वाटते.

19 मे रोजी पहाटे सुमारे 42,000 तुर्की सैनिकांनी ॲन्झॅकच्या फळीवर हल्ला चढवला. त्या सकाळी मोनॅश व्हॅलीतून जखमींना आणत असताना मशिनगनच्या माऱ्यात सिम्पसन मारला गेला. त्याचे वय 22 होते आणि गॅलिपोलीवर त्याने जेमतेम साडेतीन आठवडे काढले होते. किनाऱ्यालगतच्या बीच सेमेटरीत त्याची कबर आहे.

आता तो राष्ट्रीय वीर कसा झाला, याकडे वळू. त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांतून त्याची कथा छापून येऊ लागली, कारण नव्या भरतीसाठी सरकारला अशा कथांची गरज होती. सक्तीच्या लष्करभरतीचा प्रश्न त्या देशात इतका चिघळला की 1916 आणि 1917 मध्ये दोनदा सार्वमत घेण्यात आले आणि दोन्ही वेळा लोकांनी सक्ती नाकारली. या वादात निःशस्त्र, दयाळू, प्राणार्पण करणारा सिम्पसन चर्चला, शाळांना आणि भरती करणाऱ्यांना सारखाच सोयीचा होता. मात्र आईला लिहिलेल्या त्याच्या पत्रांतला माणूस वेगळा दिसतो. तो कामगारांच्या बाजूचा, इंग्लंडमधील लक्षाधीश आणि उमराव यांच्यावर चिडलेला आणि तिथे क्रांती व्हावी असे उघड म्हणणारा आहे. शाळेच्या पुस्तकांनी त्याची ही बाजू गाळून टाकली. ती गाळल्याने तो मोठा झाला नाही. उलट पोटासाठी वणवण केलेला जिवंत तरुण हरवला आणि एक सद्गुणी चित्र उरले.

प्रश्न : माणूस आणि गाढव यांचे एक प्रसिद्ध जलरंगातील चित्र आहे. त्यातील माणूस सिम्पसनच आहे ना?

उत्तर : नाही. न्यूझीलंडचे चित्रकार होरेस मूर-जोन्स यांनी ते चित्र एका छायाचित्रावरून काढले आणि छायाचित्रातील व्यक्ती रिचर्ड हेंडरसन हा न्यूझीलंडचा स्ट्रेचरवाहक होता. सिम्पसनच्या मृत्यूनंतर त्यानेही गाढवावरून जखमी आणले होते. पुढे सोमच्या लढाईतील शौर्याबद्दल त्याला मिलिटरी मेडल मिळाले. तरीही कित्येक वर्षे लोक त्या चित्राला सिम्पसनचेच समजत राहिले.

प्रश्न : त्याने 300 जणांचे प्राण वाचवले असे वाचले. मग त्याला व्हिक्टोरिया क्रॉस का मिळाला नाही?

उत्तर : व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश साम्राज्याचे सर्वोच्च शौर्यपदक. आधी आकड्याचे पाहू. 300 हा आकडा समकालीन नोंदींत सापडत नाही, तो नंतरच्या काळात रूढ झाला. चोवीस दिवसांत 300 म्हणजे रोज बारा-तेरा फेऱ्या होतात, आणि त्या चढउताराच्या वाटेवर गोळीबारात ते जवळपास अशक्य होते. शिवाय गाढवावर बसू शकणारे जखमी बहुधा पायाला मार लागलेले असत. पोटात किंवा डोक्यात गोळी लागलेल्यांना स्ट्रेचरवरूनच न्यावे लागे आणि ते काम त्याचे इतर सहकारी करत होते.

तत्कालीन पुरावा आहे तो तिथल्या ऑस्ट्रेलियन ब्रिगेडचे प्रमुख कर्नल जॉन मोनॅश यांच्या पत्राचा. मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी वरिष्ठांना लिहून सिम्पसनच्या कामाची प्रशंसा केली, परंतु ती व्हिक्टोरिया क्रॉससाठीची रीतसर शिफारस नव्हती. लष्करी अहवालात त्याच्या नावाचा गौरवपूर्वक उल्लेख झाला, तेवढाच सन्मान त्याला अधिकृतपणे मिळाला. विशेष म्हणजे त्याच 19 मे रोजी, त्याच घळीच्या माथ्यावरील कोर्टनीज पोस्ट येथे अल्बर्ट जॅका याने जे शौर्य गाजवले, त्यासाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैन्याला मिळालेला तो पहिलाच होय. सिम्पसनलाही हे पदक द्यावे, अशी मागणी ऑस्ट्रेलियात अनेकदा झाली. सरकारने नेमलेल्या न्यायाधिकरणाने कागदपत्रे तपासून 2013 मध्ये ती अमान्य केली. इतर वाहकही तितक्याच धोक्यात तेच काम करत होते, असे नोंदींवरून दिसत असल्यामुळे, मला तो निर्णय योग्य वाटतो.