सही करण्याआधी विचारा: रेकॉर्ड लेबलविषयी वाचकांचे प्रश्न

कलावंतांचे करार तपासणं हे माझं काम. या वेळीही बहुतेक पत्रांतला घोळ एकाच शब्दाचा आहे: ॲडव्हान्स, म्हणजे लेबलने आगाऊ दिलेली रक्कम.

प्रश्न: ‘मेजर’ लेबलं नेमकी किती?

तीन बड्या कंपन्या. युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर. चौथ्या ईएमआयची २०१२ मध्ये वाटणी झाली.

प्रश्न: स्वतंत्र लेबल कलावंताच्या बाजूचं असतं ना?

हे ऐकीव आहे. टेलर स्विफ्टचे पहिले सहा अल्बम स्वतंत्र लेबलनेच काढले होते. २०१९ मध्ये ते लेबल विकलं गेलं, त्यासोबत तिचे मास्टर्सही (गाण्यांची मूळ ध्वनिमुद्रणं) गेले. ते परत विकत घ्यायला २०२५ उजाडलं. लेबल लहान की मोठं हे नंतर बघा, आधी मालकीचं कलम वाचा.

प्रश्न: लेबल ॲडव्हान्स देतंय, रॉयल्टी २० टक्के. मित्र म्हणतो, हे पैसे परत करायचे नसतात. खरं का?

अर्धं खरं, आणि या अर्ध्यापायीच माणसं फसतात. अल्बम पडला तर सहसा कुणी वसुलीला दारात येत नाही. पण वसुली होते ती तुमच्या वाट्यातून. ॲडव्हान्स १०० असेल आणि वाटा २० टक्के, तर लेबलकडे ५०० जमेपर्यंत तुमच्या हाती नवा पैसा नाही. त्यात स्टुडिओचा खर्च तुमच्याच खाती, अनेकदा व्हिडिओचा निम्मा खर्चही. पहिल्या अल्बमची तूट दुसऱ्याच्या कमाईतून कापण्याचं कलम असेल, तर चाललेला अल्बमही तुम्हाला काही देत नाही. आणि सगळं फिटलं तरी मास्टर लेबलचेच! म्हणून कायमची मालकी देण्याऐवजी ठरावीक वर्षांचा परवाना मागा. रक्कम कमी मिळेल, मिळू द्या. कोणता खर्च कोणाच्या खाती, हे लिहून घ्या आणि मसुदा संगीत करार जाणणाऱ्या वकिलाला दाखवा. लेबलने सुचवलेल्या वकिलाला नव्हे.

प्रश्न: एक एजन्सी हमखास लाखभर स्ट्रीम देते म्हणते. घ्यावं का?

नाही. अशी हमी बहुधा बनावट स्ट्रीमचीच असते, आणि ते पकडले गेले की गाणंच खाली उतरतं, एजन्सीचं काही जात नाही.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी न वाचता सही केली. मुदत संपत आली असेल ना?

दोन वर्षं कशाची वाट पाहिलीत? अशा करारांत मुदत बहुधा वर्षांवर नव्हे, दिलेल्या अल्बमांवर मोजतात, आणि पुढचा अल्बम मागण्याचा हक्क लेबलकडे असतो. तो वापरल्याची सूचना कोणत्या तारखेपर्यंत यायला हवी, ते कलम शोधा. सगळे ईमेल आणि रॉयल्टीची विवरणपत्रं घेऊन याच आठवड्यात वकिलाकडे जा. हिशेबावर हरकत घ्यायलाही मुदत असते, ती अजून उरली असेल.