व्हिएतनाममध्ये सा पाच्या डोंगरात ह्मोंग जमातीच्या मुलींना पळवून नेऊन लग्न लावतात, हे खरं आहे का? मुली विरोध करत नाहीत का?

खरं आहे, पण नुसतं हो म्हणून सोडून देण्यासारखं नाहीये ते. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी चार वर्षं हनोईत होते, तेवढ्यात सा पाला सात-आठ वेळा तरी गेले असेन (2014 ला हायवे झाल्यापासून बसने पाच-सहा तासांत पोचतो माणूस) आणि दरवेळी ट्रेकला गाईड एकच, ह्मोंग बाई, नाव इथे लिहीत नाही, ताई म्हणू. वयाने माझ्याहून लहान आहे पण डोंगरात तिच्या मागे चालताना आपोआप ताईच निघतं तोंडातून. इंग्लिश फाडफाड, सगळं टुरिस्टांकडून ऐकून ऐकून, लिहिता-वाचता मात्र येत नाही. तळहात निळीने कायमचे निळे, आणि चालता चालता बोटं भांगेच्या झाडाच्या सालीचे धागे जोडत असतात (हो तीच भांग, तिथे त्याचं कापड विणतात), खिशात फोन टुंग टुंग वाजत असतो तो वेगळाच.

तर प्रथा अशी. व्हिएतनामी लोक त्याला 'बायको ओढणे' अशा अर्थाचा शब्द वापरतात. बहुतेक वेळा तेतच्या, म्हणजे त्यांच्या नवीन वर्षाच्या दिवसांत, मुलगा मित्रांना घेऊन मुलीला बाजारातून नाहीतर रस्त्यावरून ओढत आपल्या घरी नेतो. दारात घरातला मोठा माणूस तिच्या डोक्यावरून कोंबडं ओवाळतो, की ती त्या घराच्या पितरांची झाली. साधारण तीन दिवस ती तिथे राहते, मधल्या वेळात मुलीच्या घरी निरोप जातो, मग मध्यस्थ बसतात आणि चांदी, डुक्कर, दारू, आता रोख पैसे, यावर बोलणी होतात. देणं मुलाकडच्यांनी द्यायचं, आपल्या हुंड्याच्या उलट.

आता गोम इथे आहे. आपल्याकडे रुक्मिणीने कृष्णाला स्वतः पत्र पाठवलं होतं ना की मला येऊन घेऊन जा, तसं बऱ्याच जोड्यांचं आधीच ठरलेलं असतं. देणं परवडत नाही किंवा घरचे तयार नाहीत म्हणून मुलगाच मुलीला सांगून ठेवतो अमुक दिवशी येतो. तरी तिने ओरडायचं, रडायचं, हात सोडवायचा, कारण हसत हसत गेली तर लोक म्हणणार केवढी उतावीळ! आणि दुसरा प्रकार म्हणजे सरळ आपल्या शास्त्रातला राक्षस विवाह, मुलीला काही पत्ताच नाही. बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. तुम्ही विचारताय मुली विरोध करत नाहीत का, अहो करतात ना, पण नाही म्हणणं हाच विधीचा भाग असेल तर खरं नाही कोण ऐकणार? 2022 मध्ये तेतनंतर 'हा जांग' नावाच्या प्रांतातला असाच एक व्हिडिओ व्हायरल झाला होता, मुलगा मुलीला भर रस्त्यात ओढतोय आणि शेवटी पोलीस मध्ये पडले.

ताईच्या आईला मी एकदा चुलीपाशी बसून विचारलं होतं, ताई मध्ये भाषांतर करत होती, की तुम्हाला आणलं तेव्हा तुम्ही खरं ओरडलात की खोटं? म्हातारी इतकी हसली की डोळ्यांत पाणी, म्हणाली आता काय आठवतंय. ताई हसली नाही.

कारण ताईला स्वतःला पंधराव्या वर्षी नेलं होतं. फोनवर बोलायची त्या मुलाशी एवढंच, लग्नबिग्न काही ठरलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी आई गेली आणि विचारलं राहायचंय का, ही नाही म्हणाली. पण कोंबडं ओवाळून झालेलं! आजोबा म्हणाले आता हिचा आत्मा त्यांचा, ही आपल्या घरात मेली तर कुठल्या पितरांकडे जाणार. आईने तरी आणलं परत, त्या बाईला मी मानते. त्यानंतर स्थळं आली ती बिजवरांचीच, म्हणून ताई टोपली पाठीला लावून टुरिस्टांच्या मागे लागली आणि गाईड झाली.

कायदा काय म्हणतो तर मुलगी 18, मुलगा 20. पण डोंगरात लग्न कोंबड्याने लागतं, ऑफिसात नाही. वय भरेपर्यंत नोंदणी होत नाही, त्यामुळे पोरं होतात तेव्हा जन्मदाखल्यावर बापाचं नाव घालायची पंचाईत.

ताईची धाकटी बहीण निवासी शाळेत आहे, नववी झाली की बहुतेक मुलींची शाळा सुटते पण ही दहावीत गेली, ताईच्या पैशावर. धाकटीने मला फोन दाखवला होता. एका मुलाचा मेसेज, पहिलाच प्रश्न तुझं आडनाव काय, कारण त्यांच्यात एका आडनावात लग्न चालत नाही, आपल्या सगोत्रासारखं, तेवढं विचारून मग हार्ट इमोजींचा पाऊस. मग 'तेतला आमच्या घरी ये ना.' ती मला म्हणाली आंटी, मला शिकायचंय पण, आणि पुढे काही बोललीच नाही, स्क्रीन खालीवर करत बसली. तिथे मैत्रीण म्हणून कोणाच्या घरी जेवायला गेलं आणि दार ओलांडलं की झालं, असं साधं भेटणं-फिरणं म्हणून काही मधलं उरतच नाही, फोनवर मात्र सगळं मधलंच आहे.

ही प्रथा बंद करा वगैरे इथे बसून लिहिणं सोपं आहे, मीही आधी ताईला असंच ऐकवलं होतं. ती म्हणाली बंद कशाला, आधी विचारायला काय जातं.

गेल्या तेतला धाकटी सुट्टीत घरी आली तेव्हा ताईने तिला दोन मैत्रिणी बरोबर असल्याशिवाय बाजारात सोडलं नाही, फोनचं लोकेशन पण चालू ठेवायला लावलं. त्यावरून दोघींचं जाम भांडण झालं, कारण तो मुलगा धाकटीला खरंच आवडतो.